घरपोच स्वस्ताई

राजापेठेत माझी मेस आहे. बाहेरगावाहून क्लाससाठी आलेली पोरं-पोरी माझ्याकडे दोन्ही वेळ जेवतात. त्यामुळे तेलाचे पिपे, गव्हाची पोती, तुरीची डाळ यांच्या भावात मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. शेजारपाजारच्या बायकांना हे ठाऊक आहे. म्हणून त्या भाजी निवडता निवडता विचारतात, "काकू, मोबाइलवरून किराणा मागवला तं खरंच स्वस्त पडते का व?" पूर्वी मी या प्रश्नावर तासभर बोलायची. हल्ली मी उलट विचारते, की घरात ठेवायला जागा किती आहे. जागा नाही म्हणाल्या की मला बरं वाटतं.

माझी मोठी बहीण अकोल्याला, डाबकी रोडच्या बाजूला राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, एसटीत कंडक्टर होते. जन्मभर "पुढे सरका" म्हणत आलेला माणूस, पण स्वभाव असा की सरकला नाही त्याच्यावरही कधी ओरडले नसतील. निवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षांतच त्यांना झटका आला. डॉक्टरांनी सांगितलं, नागपूरला जाऊन बायपास करावी लागेल. आधी तब्येत जरा सावरू द्या, तोवर जिना नको, ऊन नको, आणि माणसाला एकटं सोडू नका. सरकारी योजनेत बसेल तेवढं बसणार होतं, वरचं यांनीच जमवायचं होतं. एसटीतल्या माणसाला पेन्शन किती मिळते हे विचारू नये, तो बिचारा सांगताना लाजतो.

तेव्हापासून ताईच्या डोक्यात एकच गोष्ट होती. या माणसाला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत धडधाकट पोचवायचं. भाऊजींचीही तयारी जय्यत होती. तूप सुटलं, लोणचं सुटलं, ठेच्याकडे पाहायचेसुद्धा नाहीत. सकाळी अंगणात मोजून-मापून चालायचे आणि मला फोनवर सांगायचे, "गाडी जुनी हाय, पन इंजन बदलवून देतो म्हनते डॉक्टर. अजून लय फेऱ्या मारू." जगायची एवढी हौस असलेला माणूस मी आमच्या घरात दुसरा पाहिला नाही.

एकदा ताई किराणा आणायला बाजारात गेली. परत आली तर भाऊजी पलंगाला टेकून खाली बसलेले, घामानं सदरा भिजलेला. तसं काही झालं नव्हतं, नुसता अशक्तपणा होता. पण ताईनं त्या दिवसापासून बाजाराचं नाव टाकलं. पुण्याला नोकरी करणारा तिचा मुलगा सुट्टीत आला आणि तिच्या मोबाइलवर किराण्याचं अॅप टाकून देऊन गेला. आई, आता घर सोडायचं कामच नाही, सामान दारात येईल, आणि बाजारापेक्षा स्वस्त. मुलगा खोटं बोलला नव्हता. हेतूही चांगलाच होता. या सगळ्या गोष्टीत वाईट हेतू कोणाचाच नाही, म्हणूनच ती आठवली की मला कोणावर चिडावं ते कळत नाही.

मग आमच्या दोघींत चढाओढ लागली. दुपारची पंगत उठली, भांडी घासायला पडली, की ताईचा फोन.

"तेल पाय, तुह्या दुकानापेक्षा लिटरमागं दहा रुपये कमी पडलं मले."

"अन् डाळ?"

"डाळ जराशी महाग हाय."

"जराशी! अवं, अकोल्यात राहून पाकिटातली डाळ खाऊन राहिली तू. साऱ्या गावात डाळमिला, अन् तुह्या घरची डाळ मोटारीत बसून येते."

"तू जाय ना मंग मिलमध्ये. मले हे माणूस सोडून जाता येत नाई."

पण मी काही हार मानणारी नव्हे. एका महिन्यात मी मुद्दाम दोन्हीकडून सामान घेऊन पाहिलं, आणि जे दिसलं ते सांगते. साबण, दात घासायची पेस्ट, चहा, पाकिटातलं तेल हे अॅपवर स्वस्त होतं, यात वाद नाही. सुटी डाळ, ज्वारी, गूळ, मिरची, शेंगदाणे हे दुकानातच परवडतं, शिवाय चार दाणे तोंडात टाकून पाहता येतात. दुकानदार खवट दाणे परत घेतो, वर चार गोष्टी ऐकूनही घेतो. अॅपला शिव्या देता येत नाहीत. हा माझ्यासारखीला मोठाच तोटा.

खरी मेख दुसरीकडे होती. ठरावीक रकमेच्या वर सामान घेतलं तर पोचवायचं काही लागत नाही. त्याच्या खाली राहिलं की वरचे पैसे द्या. ते तीस-चाळीस रुपये वाचवायला ताई दोनशेची बिस्किटं आणि निरमा घ्यायची. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! मी म्हटलं तर ती म्हणाली, "फुकट ते पौष्टिक. अन् निरमा का सडून राहिला?" निरमा सडत नाही, हे खरंच.

त्याच वर्षी आमच्या माहेरी, चांदूर रेल्वेजवळच्या गावात, दादाच्या घरी तुरीची पोती भिंतीला लागून पडली होती. बाजारात भाव असा पडलेला, की नेण्याचं भाडं आणि हमाली जाऊन हातात काय उरेल याची लाज वाटावी. दादानं ठरवलं, भाव येईपर्यंत विकायची नाही. गावात बहुतेक घरी तेच होतं. माणसं पोत्यांच्या मधून वाट काढत घरात फिरायची. आणि त्याच तुरीची डाळ चकचकीत पाकिटात बसून दुपटीनं ताईच्या दारात यायची. दादाला हे सांगितलं तर तो हसला. पण ते हसू मला आवडलं नाही. त्या वर्षांत आमच्याकडे पुरुषमाणूस असा हसला, की घरातली बाई त्याच्या मागे मागे राहायची. विहिरीवर गेला तर कोणालातरी हळूच मागे पाठवायची. दादावर तशी वेळ आली नाही, पण भीती मात्र प्रत्येक घरात येऊन बसली होती. आमची भीती गावाकडे लक्ष ठेवून होती. अकोल्याकडे पाहायचं कोणाला सुचलं नाही.

होळीनंतर मी ताईकडे गेले. भाऊजींनी दारातच सांगितलं, "बसाले जागा भेटन का नाई सांगता येत नाई. गाडी फुल हाय." मला वाटलं, नेहमीची थट्टा. पण ताईनं आतली खोली दाखवली आणि मी उंबऱ्यावरच थांबले.

ताईचं घर म्हणजे तीन खोल्या एकामागे एक. पुढची बैठक आणि तिच्या बाजूला काढलेलं स्वयंपाकघर, मधली झोपायची, आणि आतली छोटी, जिला खिडकी नाही. मधल्या खोलीतून आतल्या खोलीत जायच्या दाराच्या वर जाळीचा झरोका आहे. आतल्या खोलीत पूर्वी गाद्या आणि ट्रंका असायच्या. आता जमिनीपासून डोक्यापर्यंत किराणा. पिठाच्या थैल्या, गव्हाचे कट्टे, तांदूळ, रवा, बेसन, चारपाच जातीच्या डाळी, साबुदाणा. दोन माणसांचं घर, त्यातला एक पथ्यावर. एखाद्या तेरवीला पुरेल एवढं सामान, असं माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं.

"हे काय व ताई?"

"एकावर एक फुकट होतं. अन् मोठ्या थैलीत किलोमागं कमी पडते. साठवन केली. माय नव्हती का करत?"

माय करायचीच. वऱ्हाडात कोण करत नाही? चैत्र-वैशाखात वर्षाचा गहू, ज्वारी, तूर घरात आली नाही तर बाईमाणसाला झोप लागत नाही. गहू उन्हात खडखडीत वाळवायचा, निवडायचा, कोठीत भरायचा, डाळीला एरंडेल चोळायचं. वर्षभराचं धान्य कोठीत पडलं की मायचा चेहरा बदलायचा. आमच्या बायकांना स्वस्त दिसलं आणि घेतलं, एवढ्यावर समाधान होत नाही. स्वस्त दिसलं की वर्षाचं भरावं असं वाटतं. पुण्या-मुंबईच्या बायका अॅपवरून आठवड्याचं सामान मागवत असतील. ताईनं अॅपवरून साल भरलं होतं.

तिचा चेहराही मायसारखाच झाला होता. मोबाइलवर प्रत्येक वेळी हिरव्या अक्षरात दिसायचं, तुमची एवढी बचत झाली. ते आकडे ती मनात धरून होती. म्हणाली, "पायजो तू, ह्या पैशात नागपूरचं जाण्या-राहण्याचं निंगते." मी म्हटलं, दात कोरून पोट भरत नाही. भाऊजी मधल्या खोलीतून ओरडले, "तिले काही बोलू नोका. सारे पॅसेंजर तिनं चढवले, उतरवाचं काम माह्याकडे हाय. पन माह्यानं खाऊन होत नाई ना!" आम्ही तिघंही हसलो. मला त्या खोलीचं दार लवकर लागावं असं उगाच वाटत होतं.

मग उन्हाळा आला. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढला त्याला सांगायला नको आणि ज्यानं काढला नाही त्याला सांगून उपयोग नाही. कूलरची दमट हवा भाऊजींना सोसेना, छाती भरून यायची. मुलानं पुण्याहून पैसे पाठवून मधल्या खोलीत एसी बसवून दिला. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून ताईनं खिडकीच्या फटी थर्माकोल आणि चिकटपट्टीनं बंद केल्या. दाराखाली जुनं पातळ गुंडाळून ठेवलं. भाऊजी दिवसरात्र त्या खोलीत राहू लागले. फोनवर म्हणाले, "शिवशाहीत बसल्यासारखं वाटते."

आणि त्याच उन्हाळ्यात किराण्यात किडे झाले. आधी रव्यात जाळ्या, मग पिठात अळ्या, मग गव्हात सोंडे. नंतर ते थैल्या फोडून बाहेर आले आणि भिंतीवर चढले. झरोक्यातून मधल्या खोलीत यायला लागले. भाऊजींच्या पांघरुणावर एक सापडला. ताईनं अॅपवर तक्रार केली, तर परत घ्यायची मुदत केव्हाच संपलेली. त्या दिवशी ती फोनवर रडली. ताई रडणाऱ्यातली नाही. नागपूरसाठी वाचवलेले पैसे डोळ्यांदेखत किडे खात होते, ते तिला सहन झालं नाही.

"फेकून दे ना व सारं," मी म्हटलं.

"फेकून देऊ? गायीले टाकू म्हनते का? बचत हाय ते."

तिनं माझं ऐकलं नाही. दादाला फोन केला. दादाच्या घरात तूर पडून, म्हणजे गोळ्याही असणारच. धान्यात टाकायच्या त्या विषारी गोळ्या शेतकऱ्यांच्या घरी सगळीकडेच असतात. आमच्या लहानपणीही होत्या. दादा कामानं अकोल्याच्या बाजार समितीत आला तेव्हा घेऊन आला. त्यानं सांगितलंही, "कोठीत टाकजो अन् तोंड लिंपून टाकजो. हात लावू नोको, वास घेऊ नोको." ताई म्हणाली, "मले का माहीत नाई? मायनं जलमभर टाकल्या."

मलाही तिनं दुपारच्या फोनवर सांगितलं, की दादानं गोळ्या दिल्या, फडक्यात बांधून थैल्यांच्या मधात ठेवल्या, खोलीचं दार लावून घेतलं, आता चिंता नाही. मला त्यात काही खटकलं नाही. कोणाला खटकलं असतं? आमच्या पिढीला त्या गोळ्या मिठासारख्या ओळखीच्या. मायनं टाकल्या, काकूनं टाकल्या, कोणाला कधी काही झालं नाही. का झालं नाही, हे मात्र आम्ही कोणी कधी विचारलं नव्हतं. मायची कोठी मागच्या सोप्यात होती, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. वरती कवेलूंचं छप्पर, ज्यातून चिमण्या आत-बाहेर करायच्या. आणि वैशाखात आमचं सगळं घर अंगणात बाजा टाकून झोपायचं. ताईच्या घरात कोठी नव्हती. तिनं खोलीलाच कोठी समजून दार लावलं. त्या कोठीला झरोका होता, आणि झरोक्याच्या पलीकडे भाऊजी निजले होते.

दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन आला. भाऊजींना ऊन लागलं होतं. चक्कर, मळमळ, दोनदा उलटी. त्या आठवड्यात अकोला नुसता भाजून निघत होता. ताईच्या गल्लीत निम्म्या घरी कोणी ना कोणी आडवं होतं. ताईनं कैरीचं पन्हं दिलं, तळपायांना कांदा चोळला. ओळखीच्या डॉक्टरांना तिनं फोन केला आणि ऊन लागलं म्हणून सांगितलं. त्यांनी जे सांगायचं तेच सांगितलं, पाणी द्या, थंड ठेवा, हृदयाचा पेशंट आहे, जास्त वाटलं तर घेऊन या. म्हणून ताईनं एसी वाढवला, बैठकीकडचं दार घट्ट लावलं आणि दाराखालचं पातळ पुन्हा नीट सारून बसवलं. जेवढी काळजी घेता येईल तेवढी तिनं घेतली.

"बाहेर तं गेलेच नाई ते," मी म्हटलं. "ऊन लागलं कसं?"

"भिंती तापल्या ना व. मलेही डोकं जड वाटून राहिलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. थंड खोलीत बसलेल्या दोन माणसांना ऊन कसं लागतं? सकाळी मी मेस शेजारणीच्या गळ्यात घातली आणि अकोल्याची पहिली गाडी पकडली. मूर्तिजापूरपर्यंत मी स्वतःलाच समजावत होते, की पित्त असेल, हृदयाचं काही असेल. गोळ्यांचा विचार आला नाही. गाडीत सगळ्यांनी खिडक्यांचे पडदे लावून घेतले होते आणि तरी वारा अंगाला चटके देत होता.

ताईनं दार उघडलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मधल्या खोलीत पाय टाकला आणि मला वास आला. शिळ्या लसणासारखा, हलका. पहिल्यांदा मला वाटलं, कांदा चोळला त्याचा. भाऊजी भिंतीकडे तोंड करून निजले होते. मला पाहून वळले, ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. म्हणाले, "तुमी आल्या? बरं झालं. हिलेही आडवं करा, कालपासून उभी हाय." छातीवर हात होता आणि श्वास तुटक. तशातही बायकोचीच काळजी.

मला बंद खोली मुळातच सहन होत नाही. मी चिकटपट्टी ओरबाडली, खिडकी उघडली. ताई ओरडली, "अवं, ऊन येते ना!" मागे वळले तर झरोका दिसला. झरोक्याच्या जाळीला लागून मेलेले किडे पडले होते. त्या क्षणी मला अंगणातल्या बाजा आठवल्या. दर वैशाखात, कोठीचं तोंड लिंपलं की माय आम्हा पोरांना सोप्यात जाऊ द्यायची नाही. चेंडू गेला तरी नाही. एकदा मी गेले होते तर तिनं मला मारलं होतं. ती उकाड्यामुळे बाहेर झोपवते, असंच आम्ही समजत आलो होतो.

"ताई, गोळ्या अजून आत हाय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग झरोक्याकडे. मग भाऊजींकडे. मी शेजाऱ्यांना हाका मारल्या, दोघातिघांनी भाऊजींना गादीसकट उचलून बाहेर आणलं, ऑटोत घातलं.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं नाडी पाहिली, तोंडाजवळ वाकून वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. त्या वर्षांत या वासाची त्यांना सवय होती. वॉर्डात भाऊजींच्या बाजूच्या दोन खाटांवर तशीच माणसं होती, खेड्यांतून आलेली, पायथ्याशी बायका बसलेल्या. डॉक्टरनं विचारलं, "केव्हा घेतलं यांनी?" मी सांगितलं, घेतलं नाही, घरात धान्यात होत्या, वाफ लागली. त्यानं मान हलवली. पण असं सांगणारी मी काही पहिली नव्हते. प्रत्येक घरची बाई असंच काही सांगते, हे त्याच्या डोळ्यांत मला वाचता आलं. उपचारात मात्र त्यानं काही कमी केलं नाही. या विषाला उतारा नाही, एवढं तो मला बाजूला घेऊन म्हणाला, आणि हृदय आधीच कमजोर आहे.

ताईलाही सलाइन लावलं. ती स्वयंपाकघरात जाऊन-येऊन होती म्हणून वाचली. भाऊजी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. जाण्याआधी शुद्धीवर होते. मला विचारलं, "नागपूरची तारीख भेटली का?" मी हो म्हटलं. आयुष्यात मी खूप खोटं बोलले असेन, त्या 'हो'चा मला पस्तावा नाही.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. असा मृत्यू म्हणजे पोलिस येणार, पोस्टमार्टेम होणार. पुण्याहून निघालेला मुलगा अजून वाटेत होता. व्हरांड्यात नातेवाईक जमले. पेन्शन, ऑपरेशन, बायकोवर ओझं, असे शब्द कानावर येऊ लागले. एक जण तर म्हणाला, "समजदार मानूस होता. घरावर कर्ज नाई होऊ दिलं." ऐकून माझ्या मस्तकात तिडीक गेली. अळणी भात गोड मानून खाणारा, इंजिन बदलायची वाट पाहणारा तो माणूस! पण मी तोंड उघडणार तोच दादानं माझा दंड धरला आणि मला जिन्याखाली नेलं. दोन दिवसांत त्याचे गाल आत गेले होते.

"काही बोलू नोको," तो म्हणाला. "लोक म्हनते ते म्हनू दे. हवालदारालेही तसंच सांगू. त्यायनं घेतल्या, आपल्याले माहीत नाई."

"दादा, तू काय बोलून राहिला?"

"मंग काय सांगू? ताईनं नवरा मारला असं सांगू? तिच्यावर केस होईन. अन् केस नाई झाली तरी, ती जगन का? गोळ्या म्या आनून देल्या. तू समजून घे. गेलेल्या मानसाले काही फरक पडत नाई."

मला त्याचा रागही आला आणि त्याचं म्हणणं पटलंही. एकीकडे भाऊजींचं नाव, दुसरीकडे ताईचं उरलेलं आयुष्य. आमच्या मुलखात त्या वर्षांत एक असं मरण आणखी वाढलं असतं तर कोणी दुसऱ्यांदा विचारलंही नसतं. इतकी ती गोष्ट सवयीची झाली होती. त्या सवयीच्या आड ताईला लपवता येत होतं. मी दादाला नाही म्हटलं नाही.

हवालदार आला. वयस्कर, मिशा पांढऱ्या, असं काम करून करून थकलेला. बाकावर बसून त्यानं कागद काढला आणि दादाला विचारायला सुरुवात केली. दादा बोलला, भाऊजी काही दिवस गप्प गप्प होते, ऑपरेशनचं टेन्शन होतं. हवालदार लिहीत होता. पुढचं वाक्य त्याला आधीच माहीत असल्यासारखा त्याचा हात चालला होता.

"थांबा," मागून आवाज आला.

ताई वॉर्डाच्या दारात उभी होती. हातातली सुई तिनं काढून टाकली होती, तिथून रक्त मनगटावर उतरलं होतं. ती भिंत धरत धरत आली आणि हवालदाराच्या समोर उभी राहिली.

"ते खोडा. त्यायनं काही घेतलं नाई. त्यायले जगाचं होतं."

"ताई," दादा म्हणाला.

"तू गप राय. गोळ्या म्या ठेवल्या, आतल्या खोलीत. त्यायले माहीतही नव्हतं. लिवा."

हवालदारानं पेन थांबवलं. त्यानं दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, इचार करून सांगा. एकदा लिवलं की लिवलं. तुमी आता होशमध्ये नाई."

"मी होशमध्ये हाय. लोक बोलून राहिले ते आयकलं म्या. त्या मानसानं मले सोडून जाच्यासाठी जहर घेतलं, असं कोनी म्हनू नये. लिवा तुमी."

बाजूच्या खाटेवरच्या माणसाची बायको दारात येऊन ताईकडे बघत होती. मी ताईजवळ गेले आणि तिच्या मनगटावर पदर दाबून धरला. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हवालदारानं आधीच्या ओळींवर आडवी रेघ मारली. मग घसा साफ करून, जमेल तेवढ्या मऊ आवाजात विचारलं,

"दोनच मानसं होते ना तुमी घरात? मंग एवढं धान्य कायले भरून ठेवलं होतं बाई?"

ताईनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"स्वस्त पडलं म्हनून," ती म्हणाली.